बाकी एकवीस

माकणीच्या सोमलिंगअप्पांच्या मळ्यातली बारव बासष्ट पायऱ्यांची होती. १९४३ च्या वैशाखात माझे वडील त्या पायऱ्या मोठ्या ऐटीत उतरले आणि वर येताना तेविसाव्या पायरीवर जे बसले ते उठेनात. अर्थात तेव्हा ते कुणाचेच वडील नव्हते. एकोणीस वर्षांचे होते, गुलबर्ग्याच्या कॉलेजात इंटरला शिकत होते आणि मुलगी बघायला आले होते.

आमचं गाव अणदूर. आजोबांचं, म्हणजे वीरप्पांचं, तिथं किराणा दुकान. अप्पा त्यांचे एकुलते एक, नाव महांतप्पा. दुकानदाराचा मुलगा म्हटल्यावर येता-जाता गुळाचा खडा तोंडात आणि मूठभर शेंगदाणे खिशात. तरी गावात होते तोवर पळापळ व्हायची, ते सगळं जिरायचं. गुलबर्ग्याला गेले आणि पळापळ संपली. कॉलेजसमोर एक हॉटेल होतं. तिथं सकाळी चहा-भजी, दुपारी चहा-भजी आणि संध्याकाळी, बदल म्हणून, भजी-चहा. वर्षभरात त्यांची शेरवानी शिंप्याकडून दोनदा उसवून मोठी केली होती. तिसऱ्यांदा शिंप्यानंच हात जोडले. आता उसवायला कापडच शिल्लक नव्हतं.

तीच शेरवानी घालून ते भर वैशाखात माकणीला गेले. जेवायला हुग्गी होती, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, वरून तुपाची धार. किती वाट्या खाल्ल्या याबद्दल आमच्या घरात एकमत कधीच झालं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, सात म्हणायची. अप्पा शेवटपर्यंत चारवर ठाम होते.

जेवणं झाली आणि सोमलिंगअप्पा म्हणाले, "चला पाव्हणं, आमची बारव बगा. अशी बारव पंचक्रोशीत न्हाय."

उतरणं सोपं होतं. खाली गारवा होता, पाणी नितळ होतं, अप्पांनी ओंजळभर पिऊन घेतलं. मग सगळे वर निघाले. दहा पायऱ्यांनंतर अप्पा मागं पडले, पंधराव्या पायरीवर भिंतीला हात लावला आणि तेविसाव्या पायरीला बसले. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून शेरवानीवर.

वरून आजोबा ओरडले, "म्हांत्या, काय झालं रं?"

"काय न्हाय अण्णा. बारव बगतोय."

तेवढ्यात कमरेवर घागर घेऊन एक मुलगी खाली उतरली. पाणी भरून वर गेली. रिकामी घागर घेऊन पुन्हा आली, भरून पुन्हा गेली. अप्पा तिथंच. तिसऱ्या खेपेला ती त्यांच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "वाटंत बसू नका. पाय ठेवायला जागाच ऱ्हाईना."

अप्पांना आधी लाज वाटली. मग एकदम हसू आलं. ते हसू साधंसुधं नव्हतं. त्यांचं पोट हलायचं, खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं आणि आवाज मात्र फुटायचा नाही. त्या हलण्यात शेरवानीचं मधलं बटण तटकन सुटलं, पायऱ्यांवरून टणटण उड्या मारत खाली गेलं आणि डुबुक करून पाण्यात बुडालं. मुलगी घागर खाली ठेवून हसायला लागली. दोघं हसताहेत आणि बारवेत हसणं घुमतंय, असं पाचेक मिनिटं चाललं. ज्या मुलीला बघायला आले होते ती सोळा वर्षांची पार्वतम्मा हीच. ती माझी अव्वा.

शेवटी गडी खाली आला आणि दंडाला धरून त्यानं नवरदेवाला वर काढलं.

सोप्यात सगळे पुन्हा बसले. अप्पांना विचारलं तर त्यांनी लगेच मान डोलावली. सोमलिंगअप्पांनी रीत म्हणून आत विचारायला लावलं. मुलीची आई, म्हणजे माझी आजी गौराबाई, आत गेली आणि तोंड एवढंसं करून बाहेर आली. तेव्हा दाराआडून अव्वाच बोलली.

"हसत्यात चांगलं. मन साफ दिसतंय. पर आमचा थोरला काका असाच भरल्या अंगाचा होता, माळवदाचा जिना चढता चढता चाळिशीतच बसला आन् उटलाच न्हाय. काकीचं काय झालं ते म्या बगितलंय. एक वरस द्या. ह्यांनी बारव एका दमात चढावी. मग म्या तयार हाय."

मग आजोबांचा आवाज चढला. दुकानदाराच्या पोराला पोट असायचंच, पोट ही बरकतीची खूण, असं बरंच काही ते बोलले आणि त्यांनी दमणी, म्हणजे बैलांची छोटी गाडी, जोडायला सांगितली. परतीच्या वाटेवर दोन कोस गेले. मग अप्पा म्हणाले, "अण्णा, पोरगी खरं बोलली."

"आरं पर..."

"म्या वर्सानं जाणार तिकडं. दुसरी पोरगी बगू नका."

जूनमध्ये ते गुलबर्ग्याला परतले ते पेटूनच. पहिल्याच दिवशी मोठा कागद आणला आणि त्यावर उर्दूत सुरेख अक्षरात मथळा लिहिला, 'निजामुल औकात', म्हणजे वेळापत्रक. पहाटे चारला उठणे. शंभर दंड. दोनशे बैठका. शेरभर दूध. चहा बंद. भजी बंद. गूळ बंद. सायंकाळी तीन मैल धावणे. कागद खळ लावून भिंतीला चिकटवला.

खोलीत त्यांचा जोडीदार होता तेरखेड्याचा बलभीम. शेतकऱ्याचा मुलगा, काडीसारखा आणि जिभेनं तिखट. तो कागदाकडं बघून म्हणाला, "आरं, भायेर निजामाचं राज्य काय कमी हाय म्हणून खोलीत आनलंस?"

पहिल्या दिवशी अप्पांनी एकतीस दंड आणि साठ बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठता येईना. तिसऱ्या दिवशी हात वर जाईनात, म्हणून बलभीमानंच त्यांना शेरवानी घातली, पायजम्याची नाडीही त्यानंच बांधली, आणि तसे ताठ, बाहुल्यासारखे अप्पा वर्गात गेले. सायंकाळी दुःख हलकं करायला म्हणून हॉटेलात गेले आणि दोन प्लेट मिरची भजी खाऊन आले. कागद फाडला. पंधरा दिवसांनी दुसरा चिकटवला. तो चार दिवस टिकला. श्रावणातला तिसरा एका दिवसात संपला, कारण त्या दिवशी बलभीमाच्या घरून शेंगांच्या पोळ्यांचा डबा आला होता.

आणि अशातच माकणीहून कार्ड आलं. सोमलिंगअप्पांचं अक्षर, साष्टांग नमस्कार, पाऊसपाणी बरं, म्हैस व्याली. खाली कोपऱ्यात मात्र वेगळ्या हातानं, टपोऱ्या अक्षरांत एकच शब्द लिहिलेला होता: 'पायऱ्या?'

कार्ड म्हणजे उघडं पत्र. ते अप्पांच्या हातात पडेपर्यंत अर्ध्या हॉस्टेलानं वाचलं होतं. दुसऱ्या दिवसापासून अप्पा दिसले की पोरं विचारायची, "पायऱ्या?" वर्गात हजिरी चालू असताना 'महांतप्पा' असं नाव पुकारलं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "पायऱ्या?" अप्पांनी बचावासाठी बलभीमाकडं बघितलं तर तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता.

अप्पांचं जेवण शांताक्काच्या खाणावळीत होतं. शांताक्का उमरग्याकडची, पन्नाशीची, विधवा. ज्वारीची भाकरी, आमटी, एक पालेभाजी, शेंगाची चटणी आणि ताक, एवढंच तिच्याकडं मिळायचं, पण भाकरी तव्यावरून थेट ताटात. अप्पा हॉटेलातून पोट भरून यायचे आणि अर्धी भाकरी चिवडून उठायचे. त्या दिवशी ती ताटासमोर येऊन बसली.

"बाबा, माजी भाकरी कडू लागतीया का?"

"न्हाय आक्का. भूकच नसती."

"ती हाटेलात सोडून येता, मग इथं कुटनं आसंल?" ती म्हणाली. "कार्डाचं कळलंय मला. काय काय सोडलंत?"

अप्पांनी फाटलेल्या कागदांची सगळी यादी सांगितली. शांताक्का पदर तोंडाला लावून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "कायबी सोडू नका. हाटेलात जायचं तर खुशाल जा. पर आदी इथं या, पोटभर जेवा, मग जा. एवडंच करा. आन् ते शंबर दंड सोडा. सकाळी राकुंडी लावायच्या आदी दोन मारा."

"दोनच?"

"दोन. तिसरा मारलेला मला कळला तर ताट वाढणार न्हाय."

"पर आक्का, दोन दंडांनी काय व्हायचं?"

"कायबी व्हायचं न्हाय. उद्या पुन्यांदा दोन मारायला हात दुकणार न्हायत, एवडंच व्हईल."

अप्पा हसत हसत खोलीवर आले. दुसऱ्या सकाळी, दात घासायची राखुंडी एका हातात धरून, त्यांनी दोन दंड मारले. इतकं सोपं होतं की त्यांना फसवणूक केल्यासारखं वाटलं. तिसरा मारायचा मोह झाला, पण बलभीम खाटेवरून बोट दाखवत ओरडला, "आक्काला सांगंन!" त्यानं पहारेकऱ्याचं काम स्वतःहूनच घेतलं होतं.

आठवड्यानं आक्कानं तिसऱ्या दंडाची परवानगी दिली. मग हॉस्टेलच्या गच्चीवर जायचा जिना सांगितला, रोज एकदा चढून यायचं, हळूहळू. त्या जिन्याला तीस पायऱ्या होत्या आणि पहिल्या दिवशी अप्पा चौदा पायऱ्या न थांबता चढले. आणि पोटभर भाकरी खाऊन हॉटेलात गेल्यावर एक गंमत झाली. भजी समोर आली, वास आला, पण दोन खाल्ली आणि तिसरं उचलावंसं वाटेना. ते इतके घाबरले की त्यांना ताप आलाय असं वाटलं. बलभीमानं कपाळाला हात लावून बघितला.

एकदा पडशानं चार दिवस काहीच झालं नाही. अप्पा तोंड पाडून आक्काकडं गेले, आता सगळं मुसळ केरात म्हणून. ती भाकरी थापतच बोलली, "चार दिस गेले ते गेले. आज दोन मारा."

आता कार्डाला उत्तर द्यायचं होतं. मुलीला पत्र लिहायची सोय नव्हती. म्हणून अप्पांनी होणाऱ्या सासऱ्यांना लिहिलं. साष्टांग नमस्कार, अभ्यास ठीक, इथंही पाऊस बरा. आणि शेवटी: 'बाकी चौदा.'

सोमलिंगअप्पांनी पत्र सोप्यात मोठ्यानं वाचलं आणि गोंधळले. "बाकी चौदा? काय चौदा? मार्क का काय?" आत चुलीपुढं अव्वाची भाकरी तव्यावर करपली. पुढच्या महिन्यात 'बाकी एकवीस.' सोमलिंगअप्पांनी गुरवाला विचारलं, शाळामास्तरला विचारलं. मास्तर म्हणाले, कॉलेजातलं हिशेबाचं काही असेल. गौराबाईला मात्र शंका आली, कारण त्या दिवशी लेक विनाकारण बारवेवर चार खेपा करून आली होती आणि घरात एकही रिकामी घागर उरली नव्हती.

दिवाळीला अप्पा अणदूरला आले आणि आमची अणदूरची आजी, महादेवी, दारातच रडायला लागली. "माज्या लेकराची हाडं दिसाया लागली!" हाडं अजून खूप आत होती. पण आईच्या डोळ्यांना कोण काय सांगणार? तिनं वाढायला सुरुवात केली. शेंगाची पोळी, वर तूप. करंज्या. पुरणपोळी, वर तूप. ताटातलं संपलं की, "ही एक माज्यासाटी खा."

आमच्या घरात कानडी-मराठी मिसळून बोलत. कानडीत 'पुरे'ला 'साकु' म्हणतात. अप्पा पुढं आम्हाला सांगायचे, "शंबर दंड एक येळ सोपे. आईसमोर 'साकु' म्हणणं, ती खरी कसरत." पहिल्या दिवशी 'साकु' म्हणाले तर आजी जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले तर तिनं देवाला विचारायला माणूस पाठवला.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी अक्कल लढवली. "आई, तुज्यासाटी एक पोळी खातो. पर मग सकाळी माज्यासाटी तू खंडोबाला चालत यायचं. जितक्या पोळ्या, तितक्या खेपा."

आजीला वाटलं, देवाचं दर्शनच की! तिनं आनंदानं पाच पोळ्या वाढल्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अणदुरानं पाहिलं: वीरप्पाची बायको पोराबरोबर देवळाकडं निघालीय. परत येतेय. पुन्हा निघालीय. पुन्हा येतेय. चौथ्या खेपेला देवळाच्या ओट्यावर पाय पसरून ती म्हणाली, "म्हांत्या, ह्या देवाचं पोट भरलं आसंल रं माज्या दर्शनानं." त्या दुपारी तिनं अप्पांच्या ताटात एक पोळी वाढली, दुसरीला हात घातला, गुडघ्याकडं बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "साकु."

गावात मात्र बोलवा उठली की वीरप्पाच्या घरात मोठा नवस चाललाय. दोन-तीन बायका कुतूहलानं तिच्याबरोबर निघाल्या, आणि मग ते खंडोबाला जाणं आजीनं काही सोडलं नाही. बघता बघता वेशीतून सकाळी सात-आठ बायकांचा घोळका निघू लागला. घरात सासवा असल्यामुळं जे बोलता येत नव्हतं ते सगळं त्या वाटेवर बोलून घ्यायच्या, त्यामुळं गैरहजर कुणी राहायची नाही.

एप्रिलात इंटरचा इम्तिहान झाला आणि वैशाखात दमणी पुन्हा माकणीच्या वाटेला लागली. या वेळी बलभीमही आला होता, गुलबर्ग्याहून खास. "ज्या पायऱ्यांनी माजं डोकं खाल्लं त्या बगायच्याच," असं म्हणून. शेरवानी शिंप्यानं पुन्हा बारीक केली होती.

बारवेभोवती अर्धी माकणी जमली होती. कशासाठी जमलोय हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. अप्पा खाली उतरले. वर सोमलिंगअप्पा, आजोबा, गौराबाई काठावर वाकलेले. अप्पा निघाले. घाई नाही, थांबणं नाही. दहा. वीस. तेविसाव्या पायरीला बलभीमाला राहवलं नाही, तो मोठ्यानं मोजू लागला. मग पोरं मोजू लागली. तीस, चाळीस. आणि पन्नाशीच्या पुढं सगळी बारव एका सुरात मोजत असताना सोमलिंगअप्पांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "आगं!" ते गौराबाईच्या दंडाला धरून ओरडले. "बाकी चौदा! बाकी एकवीस! ह्ये पोरगं मला पायऱ्या लिवत होतं!"

"तुमाला न्हाय," गौराबाई म्हणाली.

बासष्टाव्या पायरीवर अप्पा उभे राहिले. धाप होती, पण हसायला श्वास उरला होता. समोर अव्वा रिकामी घागर घेऊन उभी. अप्पांनी तिच्या हातातली घागर घेतली, पुन्हा खाली उतरले, भरून खांद्यावर घेतली आणि पुन्हा वर आले. निम्मं पाणी शेरवानीवर सांडलं. अव्वा एवढंच म्हणाली, "भरायला कोन शिकवलं तुमाला? काठोकाठ भरतेत व्हय?" पण तिचा चेहरा बघून आजोबांनी तिथंच सुपारी फोडायला सांगितली.

लग्नात हुग्गी होतीच. वाढपी दुसऱ्यांदा आला, अप्पांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "साकु." पंगतीत खळबळ उडाली. नवरदेव रुसला असं समजून दोन मामा समजूत काढायला धावले.

पुढं अप्पा अणदूरच्या शाळेत मास्तर झाले. अव्वा, आजी आणि ते असे तिघं सकाळी खंडोबाला जायचे, मधल्या वाटेवर आजीच्या मैत्रिणी मिसळायच्या. दंड पंचवीसवर थांबवले होते. "वाडवत गेलो तर एक दिवस सुटतील," म्हणायचे.

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं आणि वाटा धड राहिल्या नव्हत्या. गौराबाई लेकीकडं आलेली असतानाच सीमेपलीकडं, सोलापूरच्या बाजूला निघून जायचं ठरलं. सात-आठ कोस. बैल नेले तर निजामाच्या माणसांना दिसणार, म्हणून पायी. झुंजुमुंजू व्हायच्या आत सगळे निघाले. तीन कोसांवर एका ओढ्यात गौराबाईचा पाय मुरगळला. ती बसली आणि म्हणाली, "मला इथंच ठिवा. तुमी जावा."

अप्पा खाली वाकले. "बसा पाठीवर."

"जावयाच्या पाठीवर? लोक काय म्हणतील?"

"लोक हायत कुटं इथं?"

तिनं सगळीकडं बघून घेतलं, खरंच कुणी नव्हतं, मग बसली. ती काही हलकी बाई नव्हती. अप्पा तिला घेऊन निघाले, थोडं चालायचे, बांधावर टेकवायचे, पुन्हा उचलायचे. असे चार कोस. आणि चारही कोस ती बोलत होती. हळू चाला. वाकून चाला. डावीकडं काटा हाय. "आन् तुमचा खांदा किती टोचतुया वो! लग्नाआदी कसे चांगले मऊ हुता." भीतीनं गप्प झालेली अव्वा त्या वाक्याला इतकी हसली की तिला बांधावरच खाली बसावं लागलं.

दुपारी सीमा ओलांडली. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जागा मिळाली. सगळे मिळेल ती भाकरी खाऊन जे झोपले ते दुसऱ्या सकाळीच उठले.

अव्वाला जाग आली तेव्हा अप्पा गोठ्याबाहेर वाकलेले होते. पाय सुजलेले, पाठ धरलेली, तरी हात जमिनीवर टेकवून ते दंड मारत होते. दोन मारून उठले.

"आज तरी ऱ्हाऊ द्या की वो," ती म्हणाली.

"न्हाय मारले तर दिसभर वाटतंय, कायतरी इसरून आलो."

अव्वानं पदर कमरेला खोचला, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "बायांनी काय मारायचं आसतंय?"

"बैठका. दोनच. तिसरी न्हाय."

गोठ्यातून गौराबाईनं एक डोळा उघडून बघितलं. जावई आणि लेक म्हशींसमोर उठाबशा काढताहेत. म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघत होत्या.

"कुणी शिक्षा केली गं तुमाला?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती पुन्हा कुशीवर वळली.